ऐकू येणे आणि ऐकणे

मराठी रंगभूमीने बहिरेपणाचा उपयोग बहुधा हशासाठीच केला. एका पात्राने विचारावे एक, दुसऱ्याने उत्तर द्यावे भलतेच, आणि प्रेक्षकांनी पोट धरून हसावे. फार्सातली ही युक्ती इतकी हुकमी, की विनोद आटला म्हणजे नाटककाराने एखादा बहिरा म्हातारा आणून खुशाल खुर्चीवर बसवावा. आंधळ्याला आपण करुणा दिली, अंध गायकाला तर आदरही दिला; बहिऱ्याच्या वाट्याला मात्र थट्टा आली. याचे एक कारण मला असे वाटते, की आंधळ्याचे दुःख डोळस माणसाला डोळे मिटून क्षणभर तरी कल्पिता येते. कान तसे मिटता येत नाहीत. म्हणून बहिरेपणा ऐकणाऱ्यांच्या कल्पनेबाहेरचा राहिला. आणि जे कल्पनेबाहेर राहते त्याला माणूस एक तर हसतो, नाही तर त्याचा चमत्कार करून टाकतो.

हसण्याचे दिवस आता सरत आले असून चमत्काराचे सुरू झाले आहेत. हल्ली घरोघरी मोबाइलवर एका प्रकारच्या चित्रफिती फिरतात. आईच्या मांडीवर तान्हे मूल, त्याच्या कानामागे एक इवलेसे यंत्र, समोर श्रवणतज्ज्ञ. यंत्र सुरू होते, मूल दचकते, आईकडे टकमक पाहते. आईच्या डोळ्यांना धारा लागतात आणि पाहणाऱ्यांच्याही. खाली लिहिलेले असते : मुलाने आईचा आवाज प्रथमच ऐकला. यंत्राचे नाव कॉक्लिअर इम्प्लांट. चित्रफीत खोटी नसते. मात्र ती अर्ध्या मिनिटाची असते, आणि त्या मुलापुढे अख्खे आयुष्य पडलेले असते.

या विषयाला ज्यांनी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ दिला अशा तीन चित्रपटांचा विचार मला येथे करायचा आहे : गुलजार यांचा ‘कोशिश’ (१९७२), जॉश अ‍ॅरन्सन यांचा अमेरिकन माहितीपट ‘साउंड अँड फ्युरी’ (२०००) आणि डॅरियस मार्डर यांचा ‘साउंड ऑफ मेटल’ (२०१९). तिघांना कसोटी एकच लावणार आहे. ऐकू येणे आणि ऐकणे यांत जे अंतर आहे, ते कोणाला किती दिसले? ही कसोटी केवळ रसिकतेची नव्हे. ज्या घरात बहिरे मूल जन्मते, त्या घराला एक मोठा निर्णय थोड्या अवधीत घ्यावा लागतो, आणि तो घेताना डॉक्टरांच्या शब्दांइतकीच अशी पाहिलेली चित्रेही मनात काम करीत असतात. तेथे कलाकृतीने अर्धे सत्य सांगितले, तर त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते.

यंत्राची रचना आधी थोडक्यात समजून घेऊ. आपल्या आतल्या कानात शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिलाच कॉक्लिआ म्हणतात. तिच्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. बाहेरून आलेल्या कंपनांचे त्या विजेच्या इशाऱ्यांत रूपांतर करतात आणि मज्जातंतू ते इशारे मेंदूकडे नेतो. जन्मजात बहिरेपणाच्या पुष्कळशा प्रकारांत या पेशी निकामी असतात, पण मज्जातंतू शाबूत असतो. साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. परंतु घेणाऱ्या पेशीच नसतील, तर मोठा आवाज घेऊन करायचे काय? इम्प्लांट या पेशींना वळसा घालून जाते. कानामागचा मायक्रोफोन आवाज टिपतो, त्याच्या जोडीचे छोटे यंत्र त्या आवाजाची फोड करते, लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती ती माहिती कातडीखाली बसवलेल्या भागाला कळवते, आणि शंखात सरकवलेली एक बारीक तार मज्जातंतूला थेट विजेचा स्पर्श करते.

श्रवणाच्या मज्जातंतूला असा विजेचा स्पर्श करून पाहण्याचा पहिला प्रयोग पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी १९५७ साली केला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरी ग्रॅएम क्लार्क यांनी या कामाला वाहून घेतले. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना नीट ऐकू येत नसे. दुकानात बापाची होणारी कुचंबणा मुलाने लहानपणीच पाहिली होती. शंखाच्या वेढ्यांतून तार आत खोलवर सरकवायची कशी, हा प्रश्न काही केल्या सुटेना. १९७७ साली समुद्रकाठी सुटीवर असताना क्लार्क यांनी एका शिंपल्याच्या वळणांत गवताचे पाते सरकवून पाहिले. टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असे पाते सहज आत गेले! १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी आपले पहिले यंत्र एका बहिऱ्या माणसाच्या कानात बसवले. त्याच परंपरेतल्या पुढच्या यंत्रांत २२ विद्युत-टोके आली.

१५,००० पेशींचे काम २२ टोकांनी करायचे! ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या माझ्या भगिनींना यातली अडचण चटकन कळेल. हजारो ठिपक्यांत जो मोर काढला होता, तोच बावीस ठिपक्यांत दाखवायचा. उरलेल्या रेषा पाहणाऱ्याने मनाने जोडायच्या. येथे रेषा जोडणारा तो मेंदू. ज्याने पूर्वी आवाज ऐकलेले आहेत त्या प्रौढ माणसाला मोर ठाऊक असतो. पहिले काही दिवस सारे विचित्र, खरखरीत, यांत्रिक वाटते, पण सरावाने रेषा जुळू लागतात. जन्मतः बहिऱ्या मुलाने मोर पाहिलेलाच नसतो. त्याला ठिपक्यांवरूनच मोर शिकायचा असतो. मात्र पहिल्या तीन-चार वर्षांत त्याचा मेंदू ओल्या मातीसारखा असतो. म्हणूनच घाई असते ती तेव्हाच. इम्प्लांट ऐकू आणून देते. ऐकणे शिकावे लागते.

हे कष्ट कशासाठी घ्यायचे, असे कोणी विचारील. नुसते ओठ वाचून भागत नाही का? वाचकांनी आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तीन शब्द उच्चारून पाहावेत. तिन्हींना ओठ अगदी सारखेच हलतात. केवळ ओठ पाहणाऱ्या मुलाला पाय आणि माय यांतला भेद तर्काने ओळखावा लागतो, आणि असे तर्क त्याला दिवसभर करावे लागतात.

आता चित्रपटांकडे वळू.

‘कोशिश’मध्ये हे यंत्र नाही, १९७२ साली ते प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच होते. हरिचरण आणि आरती हे बहिरे-मुके जोडपे संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी साकारले. संजीवकुमार यांना अभिनयाचे आणि गुलजार यांना पटकथेचे राष्ट्रीय पारितोषिक याच चित्रपटासाठी मिळाले. मूळ कल्पना १९६१ सालच्या एका जपानी चित्रपटाची, पण संसार मात्र पुरता आपल्याकडचा. या जोडप्याला दिग्दर्शकाने हसवण्याकरिता वापरले नाही, रडवण्याकरिताही फारसे नाही. ते भांडतात, रुसतात, बूटपॉलिशचे पैसे मोजतात. आरतीच्या भावाचे खलपात्र जुन्या साच्यातले आहे, हा दोष सांगितलाच पाहिजे. त्याच्यामुळे चित्रपटाचा मध्यभाग भडक झाला आहे.

परंतु एक प्रसंग असा आहे, की त्यासाठी सारे दोष पोटात घालावेत. या दोघांचे पहिले मूल पावसाळी रात्री दगावलेले आहे. त्याचे रडणे आई-बापांना ऐकू आलेच नव्हते. दुसरे मूल होते. त्याला ऐकू येते की नाही हे पाहण्यासाठी ते त्याच्याजवळ खुळखुळा वाजवतात. मूल वळून बघत नाही. दोघे भयभीत होऊन डॉक्टरकडे धाव घेतात, आणि तेथे उलगडते की खुळखुळ्यात खडेच नव्हते! तो वाजतच नव्हता, आणि हे त्या दोघांनाच तेवढे कळणे शक्य नव्हते. ऐकणाऱ्यांच्या जगात बहिऱ्याला दर घटकेला कशावर भरवसा ठेवावा लागतो, हे त्या रिकाम्या खुळखुळ्याने सांगितले आहे. एकही संवाद न घालता!

याच चित्रपटाच्या शेवटाकडे मात्र टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेले नाही, असे मला वाटते. हा ऐकणारा मुलगा मोठा होतो आणि बहिऱ्या मुलीशी लग्न करायला नकार देतो. बाप संतापतो. पाहा, याच मुलाला ऐकू येते म्हणून आई-बाप एकदा आनंदाने वेडे झाले होते. आणि आता त्याच ऐकणाऱ्या मुलाने आई-बापांची जात नाकारली. मुलगा पुढे ऐकतो, चित्रपट गोड होतो. पण तो प्रश्न सुटत नाही. ऐकणारे मूल बहिऱ्या आई-बापांचे कितपत राहते?

तोच प्रश्न २८ वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, ‘साउंड अँड फ्युरी’ने उघड्यावर आणला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे एक खरेखुरे कुटुंब. दोन भाऊ, एक बहिरा, एक ऐकणारा. बहिऱ्या भावाची पाच वर्षांची बहिरी मुलगी स्वतःच खुणांनी सांगते, की मला इम्प्लांट हवे. ऐकणाऱ्या भावाच्या जुळ्यांपैकी एक मूल बहिरे निघते. ऐकणारा भाऊ मुलाला यंत्र बसवतो. बहिरा भाऊ आणि त्याची पत्नी पुष्कळ विचार करून, इम्प्लांट झालेल्या मुलीच्या घरी जाऊन, पाहून, शेवटी नकार देतात आणि बहिऱ्यांची मोठी वस्ती असलेल्या गावी राहायला जातात. आजी-आजोबा, व्याही, सारे या वादात उतरतात.

दिवाळीला चार घरचे लोक एकत्र जमले म्हणजे कोणते वाद निघतात, हे आपल्याला ठाऊक आहे. वाटणीचा वाद त्यांत मुख्य. येथेही वाटणीच चालली आहे, पण ती जमिनीची नव्हे, भाषेची. बहिऱ्या बापाचे म्हणणे असे, की माझी भाषा हातांची आहे, माझे मित्र, माझे विनोद, माझा अभिमान त्या भाषेत आहे. मुलीच्या कानात यंत्र बसले की ती दुसऱ्या भाषेची होईल आणि माझ्या घरात पाहुणी होईल. हे ऐकून पुष्कळांना तो बाप दुराग्रही वाटतो. पण मुलाला इंग्रजी शाळेत घालताना ज्या मराठी आजोबांच्या काळजात चर्र झाले असेल, त्यांना तरी ते दुःख परके वाटू नये. शिवाय त्या समाजाला एक जुनी जखम आहे. १८८० साली मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली आणि बहिऱ्या मुलांना खुणांनी न शिकवता केवळ उच्चारांनी शिकवावे, असा ठराव तिने केला. त्यानंतर कित्येक पिढ्यांना शाळेत हात हलवण्याची चोरी झाली. ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणत आलेल्या प्रत्येक सुधारणेकडे हा समाज संशयाने पाहतो, तो उगीच नव्हे.

कला म्हणून हा माहितीपट ओबडधोबड आहे. कॅमेरा कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरतो, भांडण ऐन रंगात असताना तोडतो. पण त्याच्यापाशी एक दुर्मीळ गुण आहे : तो कोणालाही खोटे पाडत नाही. यंत्र मागणाऱ्या आजीचे अश्रू जितके खरे, तितकाच यंत्र नाकारणाऱ्या बापाचा राग खरा. आणि या कथेचा शेवट दिग्दर्शकाने नव्हे, काळाने लिहिला. २००६ साली याच कुटुंबावर दुसरा, छोटा माहितीपट निघाला. त्यात कळते, की त्या मुलीला पुढे वयाच्या नवव्या वर्षी इम्प्लांट बसले. इतकेच नव्हे, तर तिच्या आईनेही ते बसवून घेतले. ज्या घराने नकार दिला होता त्याच घराने होकार दिला. कोणी हरले नाही. पण चार वर्षांच्या कोवळ्या माती-काळातली काही वर्षे गेली ती गेलीच. पहिला चित्रपट बारकाईने पाहणाऱ्याला हे विसरता येणार नाही.

‘साउंड ऑफ मेटल’ या दोहोंहून कलेच्या दृष्टीने फार वरचा आहे. रूबेन हा धातुनिनादी संगीताचा ढोलवादक. आपल्या प्रेयसीबरोबर, घर म्हणून वापरल्या जाणाऱ्या गाडीतून गावोगाव कार्यक्रम करीत हिंडणारा. व्यसनातून सुटून त्याला चार वर्षे झाली आहेत. एकाएकी त्याचे कान जातात. रिझ अहमद या नटाने या भूमिकेसाठी ढोल आणि अमेरिकन खुणांची भाषा शिकण्यात कित्येक महिने घातले. या चित्रपटाच्या ध्वनीला आणि संकलनाला २०२१ साली ऑस्कर पारितोषिके मिळाली, ती सार्थ होती. कारण प्रेक्षक रूबेनला पाहत बसत नाही. तो रूबेनच्या कानांत जाऊन बसतो. कॉफी गाळण्याचा आवाज, पानांची सळसळ, प्रेयसीची हाक, सारे एकेक करून विझत जाते. डोळे मिटून आंधळेपण कल्पिता येते तसे कान मिटता येत नाहीत, असे मी आरंभी म्हटले. या चित्रपटाने प्रेक्षकांचे कान मिटून दाखवले, हे त्याचे खरे यश.

रूबेन बहिऱ्यांच्या एका आश्रमात राहतो. तेथला चालक जो स्वतः युद्धात कान गमावलेला. ही भूमिका करणारे पॉल रेसी बहिऱ्या आई-बापांचे पुत्र. त्यांच्या हातांत ती भाषा घरची म्हणून येते, आणि ते पडद्यावर दिसते. घसरगुंडीच्या पत्र्यावर रूबेन बोटांनी ताल धरतो आणि एक बहिरा मुलगा तो ताल पत्र्यातून अंगात घेतो, हा प्रसंग चित्रपटातला सर्वांत कोवळा. पण रूबेनला आश्रम नको, जुने आयुष्य हवे. तो गाडी आणि वाद्ये विकून इम्प्लांट बसवतो. यंत्र सुरू होते. मोबाइलवरच्या चित्रफितीतला चमत्कार येथे घडत नाही. पत्र्याच्या डब्यातून यावे तसे आवाज येतात. पॅरिसमध्ये प्रेयसीच्या वडिलांच्या घरी मेजवानी असते, ती गाते, आणि ते गाणे त्याला कर्कश, तुटके ऐकू येते. दुसऱ्या दिवशी बाकावर बसला असताना चर्चच्या घंटेचा असह्य ठणठणाट होतो; तो यंत्राचा बाहेरचा भाग काढून ठेवतो, आणि चित्रपट शांततेत संपतो.

शेवट सुंदर आहे, यात शंका नाही. तरीही माझी तक्रार याच शेवटाबद्दल आहे. दिग्दर्शकाने घड्याळ फार लवकर थांबवले. यंत्र सुरू झाल्यावरचे पहिले दिवस हे सर्वांत खराब दिवस. श्रवणतज्ज्ञाकडे पुनःपुन्हा जाऊन यंत्र जुळवून घ्यावे लागते आणि महिनोन्‌महिने सराव करावा लागतो. मोठेपणी बहिरे झालेली कितीतरी माणसे या सरावानंतर घरात मोकळेपणाने बोलू लागतात; संगीत मात्र पुष्कळांना अवघडच राहते. रूबेनला हे कोणी नीट समजावताना दिसत नाही, आणि प्रेक्षकालाही नाही. ठिपके मांडून झाले, रेषा जोडायच्या आधीच दिग्दर्शकाने अंगण पुसले.

असे का झाले? कारण हा चित्रपट मुळात बहिरेपणाचा नसून व्यसनाचा आहे. तू व्यसनी माणसासारखा बोलतो आहेस, असे जो त्याला सुनावतो, तेव्हा यंत्र हे व्यसनाचे रूपक होते. गमावलेले काहीही करून परत मिळवण्याचा हव्यास म्हणजे इम्प्लांट, आणि जे आहे त्यात स्थिर बसणे म्हणजे शांतता. रूपक म्हणून ते पटते. परंतु रूपकासाठी जी वस्तू घेतली, तिच्यावर लाखो लोक रोज संसार करतात. हा चित्रपट पाहून ‘त्या यंत्रातून नुसती खरखर येते’ असे एखाद्या बापाने ठरवले, तर तो दोष त्या बापाचा म्हणता येणार नाही. मोबाइलवरची चित्रफीत पहिल्या क्षणाला मोक्ष म्हणते, हा चित्रपट पहिल्या आठवड्याला निकाल म्हणतो. दोघांची चूक एकाच जातीची.

म्हणून माझा कौल असा. हस्तकौशल्यात ‘साउंड ऑफ मेटल’ पहिला, हृदयाने ‘कोशिश’ पहिला, पण सत्याच्या कसोटीवर ओबडधोबड ‘साउंड अँड फ्युरी’ पुढे जातो; कारण ऐकणे ही वर्षांची गोष्ट आहे आणि ती एकट्या मुलाची नसून साऱ्या घराची आहे, हे त्या माहितीपटालाच कळले.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समासच तिच्यावर आहे. कानांवर शब्द पडला एवढ्याला समर्थांनी भक्ती म्हटले नसते. श्रवण ही साधना आहे, रोज बसून करायची. इम्प्लांट झालेल्या मुलाचे घर अक्षरशः ही साधना करते. आज आपल्याकडे केंद्र सरकारच्या एडिप योजनेखाली २०१४ पासून गरजू कुटुंबांतल्या मुलांना हे यंत्र मिळू शकते, आणि त्या कामाचे सूत्रधारपण मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आहे. यंत्र मिळते. पण तालुक्याच्या गावाहून एसटीने मुलाला स्पीच थेरपीला नेणारी आई, बाहेरच्या भागाच्या दुरुस्तीसाठी पैसे जमवणारा बाप, ‘पाणी’ हा एक शब्द दिवसभर घरभर पुन्हापुन्हा म्हणणारी आजी, यांच्याशिवाय ते यंत्र म्हणजे खडे नसलेला खुळखुळा. आणि या साऱ्या काळात मुलाशी हातांनीही बोलावे. यंत्र आणि खूण या काही सवती नव्हेत. मुलाला भाषा हवी, ती कोणत्या दाराने आली यावरून घराने भांडू नये.

मराठी लेखकाला आणि नाटककाराला येथे मोठे काम वाट पाहत आहे. यंत्र सुरू होण्याच्या क्षणावर त्याने लिहू नये; ते मोबाइलवाल्यांना सोडून द्यावे. त्याने दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारावर लिहावे. थकलेली आई शंभराव्यांदा ‘माय’ म्हणते आहे, मूल ‘बाय’ म्हणते आहे, आणि दोघेही अजून उठलेले नाहीत.